वाट चढणे आणि वाट पाहणे

समूहाने केलेल्या लांब पल्ल्याच्या सायकल-प्रवासाला मराठीत अजून एक पक्के नाव मिळालेले नाही. कोणी त्याला मोहीम म्हणतात, कोणी सफर म्हणतात, तर सायकलवरून पंढरपूरला जाणारे जथे त्याला सरळ वारी म्हणतात. नाव कोणतेही असो, हा प्रकार शर्यतीहून वेगळा आहे, आणि ‘ब्रेव्हे’ या फ्रेंच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दोनशे किलोमीटरपासून बाराशे किलोमीटरपर्यंतचे अंतर ठरलेल्या मुदतीत स्वबळावर पुरे करण्याच्या उपक्रमाहूनही तो वेगळा आहे. शर्यतीत सोबत्याच्या पुढे जायचे असते आणि ब्रेव्हेत घड्याळाच्या पुढे राहायचे असते; सफरीत दहा-बारा माणसांनी सकाळी एका मुक्कामाहून निघून संध्याकाळी दुसऱ्या मुक्कामी पोहोचायचे असते, आणि ते सर्वांनी पोहोचायचे असते. या ‘सर्वांनी’ शब्दाचे वजन सोप्या दिवशी कळत नाही, कारण सोप्या दिवशी जथा आपसूक एकत्र राहतो. ते कळण्यासाठी एखादा मेटाकुटीला आणणारा दिवस उगवावा लागतो, आणि मनाली ते लेह या रस्त्यावर सरचू ते पांग हा असा दिवस जवळजवळ प्रत्येक जथ्याच्या वाट्याला येतो.

रोहतांगमार्गे हा रस्ता पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरतो, वर्षातले काही महिनेच खुला असतो, आणि बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला अशा एकाहून एक उंच खिंडी ओलांडत लडाखात उतरतो. ‘ला’ या तिबेटी शब्दाचा अर्थच खिंड असा आहे. दर उन्हाळ्यात पुणे, मुंबई, नाशिक आणि महाराष्ट्रातील इतर शहरांतून सायकलस्वारांचे जथे येथे येतात आणि आठ-दहा दिवसांत हा पल्ला पुरा करतात. या मार्गावरील सर्वांत खडतर दिवस कोणता, या प्रश्नाला पुष्कळ जण तांगलांग लाचे नाव घेऊन उत्तर देतात, कारण ५,३२८ मीटर उंचीची ती खिंड या रस्त्यावरची सर्वांत उंच जागा आहे. परंतु उंचीचा आकडा हे खडतरपणाचे पूर्ण माप नव्हे. सरचू ते पांग या सुमारे ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यात एक खिंड चढून जिंकलेली उंची काही अंशी गमवावी लागते आणि नंतर तिच्याहूनही उंच अशी दुसरी खिंड चढावी लागते. मध्ये गाव नाही, झाड नाही, आणि माघारी फिरणे पुढे जाण्याइतकेच कठीण आहे. काही जथे हा टप्पा दोन दिवसांत विभागतात आणि तो निर्णय निःसंशय शहाणपणाचा आहे. परंतु रजेचे दिवस मोजून निघालेले बहुतेक जण तो एकाच दिवसात संपवू पाहतात.

महाराष्ट्रातून येणाऱ्या सायकलस्वाराची तयारी सिंहगडाच्या चढावर, दिवे घाटात किंवा कात्रजला झालेली असते, आणि पायांपुरती ती तयारी खोटी नसते. मात्र महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते आणि सरचूचा मुक्काम ४,२९० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटींहून अधिक उंचीवर असतो. त्यामुळे विरळ हवेचा सराव करण्यासारखी जागाच महाराष्ट्रात नाही. विरळ हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वास्तविक ते प्रमाण सर्वत्र सुमारे एकवीस टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि पाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक उरत असल्यामुळे प्रत्येक श्वासात आत येणारा प्राणवायू त्याच हिशेबाने घटतो. दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला माणसाची श्रम करण्याची कमाल क्षमता ढोबळमानाने दहा टक्क्यांनी कमी होते, असे शरीरशास्त्र सांगते. ही घट मात्र सर्वांना सारखी भोगावी लागत नाही. जथ्यातला सर्वांत तरुण आणि दणकट सदस्य येथे डोके धरून बसू शकतो आणि साठीच्या पुढचा एखादा शांतपणे पेडल मारत राहू शकतो. उंची कोणाला मानवेल आणि कोणाला मानवणार नाही याचा अंदाज सपाटीवरच्या तंदुरुस्तीवरून बांधता येत नाही, आणि सपाटीवर तयार झालेली जथ्यातली क्रमवारी येथे मोडून पडते.

सरचूची सकाळ अपुऱ्या झोपेने सुरू होते. उंचीवर झोपेत श्वासाची लय बिघडते. काही खोल श्वासांनंतर श्वास क्षणभर थांबतो, मग झोपलेला माणूस दचकून जागा होतो, आणि हे रात्रभर चालू राहते. तंबूबाहेर उन्हाळ्यातही पाणी गोठण्याइतकी थंडी असू शकते, आणि डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना उडणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे थोड्याफार प्रमाणात अनेकांना जाणवत असतात. पाणी येथे सुमारे ८६ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही आणि प्रेशर कुकर हे मुक्कामावरचे अपरिहार्य साधन ठरते. परंतु शिजलेले अन्न घशाखाली उतरवणे हा वेगळाच श्रम असतो. सायकल-प्रवासाचे आद्य पुरस्कर्ते मानले जाणारे फ्रान्सचे पॉल द व्हिवी (१८५३–१९३०), जे ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत, त्यांनी प्रवाशासाठी घालून दिलेल्या नियमांत भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे असा उपदेश आहे, आणि तो या टप्प्याइतका दुसरीकडे क्वचितच खरा ठरत असेल. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, काही तासांच्या श्रमांना पुरते. ती संपली की अंगातले त्राण एकाएकी जाते आणि मग खाल्लेले लगेच उपयोगी पडत नाही. म्हणून अनुभवी सायकलस्वार खिशात चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू भरून घेतात आणि इच्छा नसतानाही ठरलेल्या वेळी तोंडात टाकत राहतात.

पहिले वीसेक किलोमीटर त्साराप नदीच्या काठाने जवळजवळ सपाट जातात, आणि या भागात जथा खऱ्या अर्थाने जथा असतो. सायकलस्वाराची बहुतेक शक्ती सपाट रस्त्यावर हवा कापण्यात खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे वेगाने जाणाऱ्या सायकलच्या लगेच मागे राहणाऱ्याचे श्रम चौथ्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक वाचतात, आणि समोरून वारा असेल तेव्हा मंद गतीतही ही बचत जाणवण्याइतकी असते. त्यामुळे सायकली एकामागे एक लागतात, पुढचा थकला की बाजूला होऊन मागे जातो आणि दुसरा त्याची जागा घेतो. येथे परस्परसाहाय्य हा सद्गुण असण्याआधी पदार्थविज्ञानाचा नियम असतो: एकत्र राहण्यात प्रत्येकाचा स्वार्थ असतो, आणि ज्याला इतरांविषयी काहीही वाटत नाही असा माणूसदेखील त्या ओळीत टिकून राहील.

गाटा लूप्सच्या पायथ्याशी हा नियम संपतो. डोंगराच्या एकाच अंगावर एकावर एक रचलेली ही एकवीस वळणे रस्त्याला चारशेहून अधिक मीटर वर नेतात, आणि त्यांवर सर्वांत हलक्या गिअरमध्ये, म्हणजे पुढचे लहान चक्र आणि मागचे मोठे चक्र लावून, वेग ताशी पाच-सहा किलोमीटरच्या वर जात नाही. एवढ्या मंद गतीत हवेचा रोध जवळजवळ नाहीसा होतो आणि जवळपास सर्व शक्ती स्वतःचे आणि सायकलचे वजन वर उचलण्यात जाते. ते वजन दुसऱ्या कोणालाही वाटून घेता येत नाही. पुढे कोणी असल्याचा फायदा नाही, मागे कोणी असल्याचा तोटा नाही. उलट दुसऱ्याच्या गतीशी गती जुळवू पाहणे येथे अपायकारक ठरते, कारण स्वतःच्या श्वासाला झेपेल त्याहून किंचित वेगाने चढणारा दोन वळणांत धापा टाकू लागतो, तर किंचित मंद चढणाऱ्याचा तोल डगमगू लागतो आणि त्याला पाय खाली टेकावा लागतो. छातीचा भाता ज्या लयीत चालतो ती लय प्रत्येकाची वेगळी, आणि तिच्याशी प्रामाणिक राहायचे तर प्रत्येकाला एकटे व्हावेच लागते.

म्हणजे ज्या जागी सोबतीची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच जागी सोबतीचा भौतिक लाभ शून्य होतो. सकाळच्या सपाटीवर जथ्याला धरून ठेवणारे बंध येथे एकेक करून सुटतात, आणि त्यानंतरही जथा म्हणून जे काही उरते ते सदस्यांनी मनाने राखल्यामुळेच उरते. मेटाकुटीच्या दिवसाचे महत्त्व याहून वेगळ्या कशात शोधण्याचे कारण नाही. स्नायूंची परीक्षा, निसर्गाशी झुंज, स्वतःवरचा विजय या नेहमीच्या शब्दांनी त्या दिवसातले खरे मोलाचे झाकले जाते.

या वळणांची रचनाच अशी आहे, की दूर गेलेली माणसे काही काळ एकमेकांना दिसत राहतात. वरच्या वळणावरून खाली पाहिले की चार वळणे खाली एक रंगीत ठिपका हलताना दिसतो. तो पाच मिनिटे एकाच जागी थांबलेला दिसला तर वरच्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, की चेन उतरली असेल, पायात गोळे आले असतील, की डोके फिरू लागले असेल. ओरडून विचारण्याइतका श्वास नसतो आणि खाली जाऊन पाहावे तर उतरलेली वळणे पुन्हा चढावी लागतात. सरावलेल्या जथ्यांत यासाठी हात वर करण्याची साधी खूण ठरलेली असते. खालच्याने हात वर केला की वरचा पुढे निघतो. दिवसभराच्या श्रमांपुढे ही कृती क्षुल्लक दिसते, तरी दमलेल्या माणसाने हँडलवरचा हात काढून तो वर करणे आणि तेवढ्यासाठी दुसऱ्या दमलेल्याने थांबून राहणे, यात सपाटीवरच्या साऱ्या शिस्तबद्ध ओळीपेक्षा अधिक सौहार्द आहे.

याच वळणांवर दगडांचे एक लहानसे स्थान आहे आणि त्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग साचलेला असतो. त्यामागची लोककथा अशी सांगितली जाते, की हिवाळा तोंडावर आला असता एक ट्रक येथे बंद पडला; क्लिनर आजारी असल्याने त्याला चालवेना, म्हणून चालक त्याला ट्रकपाशी ठेवून मदत आणायला खालच्या गावाकडे गेला, परंतु हिमवर्षावाने रस्ता बंद झाला आणि तो परत पोहोचला तेव्हा क्लिनर थंडीने आणि तहानेने मरून गेला होता. पुढे त्या वळणावर पाणी मागणारा कोणीतरी दिसतो अशी वदंता पसरली, आणि तेव्हापासून येणारे-जाणारे तेथे पाणी आणि सिगारेटी ठेवतात. कथेच्या सत्यासत्यतेचा निवाडा करण्याची गरज नाही. या रस्त्यावर राबणाऱ्यांनी आपले भय कोणत्या रूपात जपले, ते पाहण्यासारखे आहे. हिमवादळ, दरड, खोल दरी ही सर्व भये येथे प्रत्यक्ष असूनही त्यांनी स्मारक उभारले ते मागे राहिलेल्या माणसाचे, आणि त्याची मागणीही पाण्याच्या घोटाहून मोठी कल्पिली नाही. सायकलस्वार तेथे थांबतात, ज्याच्याजवळ पाणी पुरेसे आहे तो थोडे ठेवतो, आणि चढण पुन्हा सुरू होते.

वळणे संपली तरी खिंड येत नाही. नकी ला आणखी वर, सुमारे ४,७४० मीटरवर आहे. तिच्या पलीकडे रस्ता व्हिस्की नाल्याकडे उतरू लागतो, आणि येथे बहुतेकांचा धीर खचतो. चढण कितीही कष्टाची असली तरी तिच्यात एक हिशेब असतो, की जेवढे चढले तेवढे शिल्लक पडले. उताराने ती शिल्लक खर्ची पडताना पाहणे, आणि पलीकडे लाचुलुंग लाकडे वर जाणारा रस्ता त्याच वेळी डोळ्यांसमोर दिसणे, हे दमलेल्या मनाला शरीरकष्टांहून जड जाते. उतरणे हे विसाव्याचे दुसरे नाव असते असा आयुष्यभराचा समज येथे उलटा होतो. दुपार झालेली असते, वारा उठलेला असतो, आणि सकाळी घोट्यापर्यंत असलेले रस्त्यावरचे ओहोळ बर्फ वितळल्यामुळे फुगून अधिक ओढीने वाहू लागलेले असतात.

व्हिस्की नाल्यापाशी हंगामात तंबूंचे ढाबे लागतात. पुढे आलेले तेथे पोहोचतात आणि त्यांचा दिवसातला दुसरा, कमी बोलला जाणारा श्रम सुरू होतो, तो म्हणजे वाट पाहण्याचा. मराठीने रस्त्याला आणि प्रतीक्षेला ‘वाट’ हा एकच शब्द दिला आहे, आणि या जागी त्या एकपणाचा अर्थ उघड होतो, कारण ज्या वाटेने आपण आलो तिच्याकडेच डोळे लावून बसणे म्हणजे वाट पाहणे. चढणीवर घामाने भिजलेले कपडे थांबताच गार पडतात, स्नायू आखडतात, दोन घोट गोड चहाने आलेली ऊब वाऱ्यात टिकत नाही. पुढे निघून जाणे हे शरीराच्या दृष्टीने अधिक सोयीचे असते. सक्षम माणसाला या टप्प्यावर चढण्याहून थांबणे महाग पडते, आणि ती किंमत कोणाला दिसतही नाही. शेवटचा येतो तेव्हा इतरांचा विसावा झालेला असतो आणि ते निघण्याच्या तयारीत असतात, ही समूह-प्रवासातली जुनी विसंगती आहे: ज्याला विसाव्याची गरज सर्वांत अधिक त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. समंजस जथ्यात शेवटचा आल्यानंतर त्याचा चहा संपेपर्यंत कोणी हेल्मेट डोक्यावर चढवत नाही.

याच ठिकाणी एक कठोर निर्णय घ्यावा लागतो. व्हिस्की नाला दोन खिंडींच्या मध्ये अडकलेला आहे. उंचीच्या आजारावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्वरेने खाली उतरणे, परंतु येथून कोणत्याही दिशेला खाली उतरायचे तर आधी एक खिंड चढावी लागते. म्हणून ज्याचे पाय अडखळू लागले आहेत, ज्याच्या बोलण्यात विसंगती येत आहे किंवा ज्याला बसल्या जागीही धाप लागते आहे, त्याला सायकलवर पुढे सोडणे हा गुन्हा ठरतो. ही लक्षणे मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची असू शकतात आणि ती जीवघेणी असतात. जथ्यामागून चालणारी बॅकअप गाडी यासाठीच असते. तरीही तिच्यात बसणे प्रत्येकाला अपमानासारखे वाटते. तूर द फ्रान्स या शर्यतीत १९१० साली, पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांचा समावेश झाला त्याच वर्षी, मागे पडलेल्यांना उचलून घेणारी एक गाडी ठेवण्यात आली. रस्ता झाडून नेणारी म्हणून तिला ‘झाडूगाडी’ असे नाव पडले. अशा नावाच्या गाडीत पाऊल टाकताना मान खाली जावी, यात नवल नाही.

त्याच शर्यतीत अंतिम यादीत शेवटी आलेल्याला ‘लाल कंदील’ म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागे टांगलेल्या दिव्यावरून ते नाव आले. भारतीय रेल्वेतही शेवटच्या डब्यामागे ‘एल व्ही’ अक्षरांची पाटी असते आणि रात्री लाल दिवा असतो. इंजिन पुढे निघून गेले म्हणून स्थानकावरचा कर्मचारी गाडी आली असे मानत नाही. शेवटच्या डब्याची ती खूण डोळ्यांनी पाहिल्यावरच गाडी अखंड आली, मागे रुळावर एकही डबा सुटून राहिला नाही, अशी त्याची खात्री होते. सायकलस्वारांच्या जथ्यातही जाणता माणूस सर्वांच्या मागे राहतो. शेवटच्याला ढकलणे त्याचे काम नसते आणि उपदेश करणेही नसते. केवळ शेवटच्याच्या मागे आणखी एक माणूस आहे एवढे त्याला ठाऊक असावे, म्हणून तो तेथे असतो. स्वतःला झेपणारी गती सोडून तासन्‌तास दुसऱ्याच्या गतीने चढणे किती कष्टाचे असते ते पूर्वी सांगितलेच आहे, आणि ते कष्ट तो जाणूनबुजून पत्करतो.

लाचुलुंग ला सुमारे ५,०६० मीटरवर आहे. तेथवर पोहोचताना सायकलवर बसून चढणे अनेकांना शक्य राहत नाही. पन्नास पेडल मारायचे आणि थांबायचे, मग तीस, मग सायकल हाताने ढकलायची, असा क्रम लागतो, आणि जग समोरच्या दहा हात रस्त्याएवढे उरते. या चढणीवर सीमा सडक संघटनेचे मजूर भेटतात, ज्यांतले पुष्कळ जण झारखंडातल्या दुमका भागातून हंगामापुरते येथे आलेले असतात. तोंडाला फडके गुंडाळून ते खडी पसरत असतात, डांबर तापवत असतात, आणि डांबराच्या धुरात ढकलत नेलेल्या सायकलकडे पाहून हात हलवतात. ज्या हवेत एक दिवस काढणे सायकलस्वाराला पराक्रम वाटतो त्याच हवेत ही माणसे महिनोन्‌महिने फावडे चालवतात, आणि ज्या रस्त्यावर हा प्रवास शक्य होतो तो दर उन्हाळ्यात त्यांच्या हातांनी पुन्हा उभा राहतो. लेहकडून परतल्यानंतर सांगितल्या जाणाऱ्या प्रवासकथांत या माणसांना जी जागा मिळते ती फारच अपुरी आहे.

खिंडीवर पाच रंगांच्या प्रार्थनापताका वाऱ्याने फडफडत असतात. फार वेळ थांबणे शक्य नसते. दिवस कलू लागलेला असतो आणि पुढे कांगला जलच्या अरुंद घळीतून पांगपर्यंतचा उतार बाकी असतो. त्या उतारावर श्रम नाहीत, पण थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ब्रेक दाबत राहावे लागते, खडी आणि खड्डे चुकवावे लागतात, आणि दिवसभराच्या थकव्याने लक्ष उणावलेले असते. चढणीवर कोणी सहसा पडत नाही. पडतात ते येथे. दोन्ही बाजूंना वाऱ्याने आणि पाण्याने कोरलेले मातीचे सुळके उभे असतात, मावळतीच्या उजेडात ते अतिशय सुंदर दिसतात, आणि त्यांच्याकडे पाहण्याची फुरसत फार थोड्यांना मिळते.

पांग सुमारे ४,६०० मीटरवर आहे. लष्कराचा तळ आणि तंबूंच्या ढाब्यांची एक ओळ, एवढीच ती वस्ती. ढाब्याच्या आत रग पांघरून बसलेले पुढचे सायकलस्वार जेवण मागवत नाहीत, कारण अजून दोन जण यायचे असतात. बाहेर भिंतीला टेकलेल्या सायकली मोजल्या जातात, गाडीच्या टपावर बांधलेली सायकलही त्याच मोजणीत धरली जाते, आणि अंधारात घळीच्या तोंडाशी दोन दिवे दिसतात: एक थरथरता आणि त्याच्या थोडा मागे दुसरा स्थिर.

दुसऱ्या दिवशी पांगमागची छोटी पण तीव्र चढण संपली की मोरे मैदान सुरू होते, जेथे ४,७०० मीटरच्या आसपासच्या उंचीवर सुमारे चाळीस किलोमीटर रस्ता जवळजवळ सपाट धावतो आणि अनेकदा समोरून जोराचा वारा येतो. सायकली पुन्हा एका ओळीत लागतात. ओळीच्या शेपटाला पुढच्या प्रत्येक लहानमोठ्या वेगबदलाचे धक्के बसतात आणि तेथला माणूस सुटून गेला तरी पुढे कळत नाही, म्हणून काल सर्वांत शेवटी पोहोचलेल्याला शेवटी ठेवले जात नाही. त्याला दुसरी जागा मिळते, वारा अंगावर घेणाऱ्याच्या पाठीशी, आणि पुढचा त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत आपली गती ठरवतो.